हातबटवड्याची वही

"‘पडद्याला जात दिसत नाही.’ एवढं एक वाक्य बोललात तरी पुरे, धोत्रे," टेंबेसाहेब म्हणाले. "आणि ते तुम्हीच बोलायला हवं. मी बोललो तर लोक हसतील."

"का हसतील सर?"

"माझं आडनाव टेंबे आहे म्हणून."

हे ते गमतीनं म्हणाले नव्हते. टेंबेसाहेबांना गंमत करता येत नसे, आणि दुसऱ्यानं केली तर ती लिहून आणायला सांगतील अशी आम्हाला भीती वाटे. ते ‘लोकध्वनी’च्या सोनवड केंद्राचे संचालक होते. लोकध्वनी म्हणजे लोकांच्या पैशावर चालणारा रेडिओ. सोनवडचा मनोरा चार जिल्ह्यांना ऐकू जायचा. मी तिथं सात वर्षं नैमित्तिक उद्घोषक होते, म्हणजे महिन्यातले ठरलेले दिवस बोलायचं आणि उरलेले दिवस बोलावण्याची वाट बघायची.

त्या आठवड्यात आमचं केंद्र पेपरात गाजत होतं. आमदार पुष्पलता कोळेकर विधानसभेत उठून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी नावांची यादीच वाचून दाखवली होती. सोनवड केंद्रावर बोलणारे सत्तावीस जण. त्यांतले चोवीस एका समाजाचे, त्यांतले बहुतेक एका पेठेतले. ‘नाव लोकध्वनी आणि ध्वनी एका गल्लीचा,’ असं त्या म्हणाल्या. ‘चार जिल्ह्यांतल्या बाकीच्यांना देवानं गळा दिला नाही का?’ आता गुरुवारी तीन आमदारांची समिती केंद्रावर चौकशीला येणार होती, आणि तीत त्या स्वतः होत्या.

चोविसांत नसलेले तिघे. एक शेतकी खात्यातून उसने आलेले, दुसरे शुक्रवारी आरोग्यावर बोलणारे डॉक्टर, आणि तिसरी मी. शालन धोत्रे, वडारवाडी. बाप दगड फोडायचा, आई खडी वाहायची.

"बोलते की सर," मी म्हणाले. "त्यात खोटं काय आहे?"

मला ते खरंच खोटं वाटत नव्हतं. आमच्याकडे आवाज चाचणी पडद्याआड व्हायची. स्टुडिओ आणि परीक्षकांची खोली यांच्यामध्ये मोठी काच होती. चाचणीच्या दिवशी टेंबेसाहेब स्वतः त्या काचेवर जाड हिरवा पडदा ओढायचे. उमेदवाराला फक्त नंबर. नाव नाही, गाव नाही. परीक्षक मुंबई-पुण्याचे, त्यांच्या कानावर पडायचा तो नुसता आवाज. मी सात नंबर होते आणि पहिली आले होते. घरात वडारी बोलणारी, मराठी शाळेत आणि रेडिओवर शिकलेली मुलगी, आणि पहिली. त्यानंतर सात वर्षं मी ही गोष्ट सांगत फिरले होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगितली, महिला मंडळात सांगितली, लग्नाला आलेल्या स्थळांनासुद्धा सांगितली, त्यांतली दोन पळून गेली. मी पडद्याआडून आले, कुणाच्या वशिल्यानं नाही, हे वाक्य मला इतकं पाठ होतं की मी ते झोपेतही म्हटलं असतं.

मी निघाले तेव्हा साहेब म्हणाले, "तुमची कायम करण्याची फाईल माझ्या टेबलावर आहे. ती याच महिन्यात मुंबईला जाईल. त्या गोष्टीचा गुरुवारशी संबंध जोडू नका."

दुसरा कुणी असता तर मी हे धमकी समजले असते. पण टेंबेसाहेब मनातलंच बोलत, दुसरं काही बोलणं त्यांना जमत नसे.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराला कोळेकरताई आमच्या घरी आल्या. बरोबर गाड्यांचा ताफा नाही, माणसं नाहीत. दारासमोर बापानं घडवून ठेवलेला पाटा होता, विकायचा राहिलेला. त्यावरच बसल्या.

"तूच का शालन? सकाळी कितीदा माझ्या गाडीत तुझाच आवाज असतो."

"मग गाडीत बरा ऐकू येतो म्हणायचा," मी म्हणाले. "विधानसभेत नव्हता आला."

त्या मोठ्यानं हसल्या. आई आत चहाला आधण ठेवता ठेवता माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. माझ्या जिभेला हाड नाही हे तिचं जुनं दुःख होतं.

"गुरुवारी तू आमच्यासमोर येणार," ताई म्हणाल्या. "मला सांग, तुला कसं वागवतात तिथं? चहाचा कप वेगळा ठेवतात?"

"नाही. कप सगळ्यांचे एकच आहेत. दोन मीच फोडले."

"टोमणे?"

"मीच मारते."

"बोलावणी कमी देतात? सणावाराला दुसऱ्याला बसवतात?"

"दिवाळीच्या पहाटे मीच असते. बाकीच्यांना घरी अभ्यंगस्नान असतं." हे बोलून झाल्यावर मला ते जरा टोचलं, पण मी तसंच पुढं रेटलं. "ताई, तुम्हाला हवं ते माझ्याकडं नाही. मला कुणी छळलं नाही. पडद्याआडून घेतलं, आवाजावर घेतलं."

"मग तू एकटीच कशी?"

मी आत जाऊन चहा आणला.

"तुझ्या चाचणीला किती जण आले होते?"

"तेरा."

"चार जिल्ह्यांतून तेरा?"

"लोकांना हौस नसेल."

"अर्ज किती आले होते?"

"मला काय माहीत?"

"मग बघ की जरा. तू आत आहेस, मी बाहेरून ओरडतेय." चहा संपवून त्या उठल्या. "तू टेंब्यांची बाजू घे, माझी घे, कुणाचीही घे. पण आधी बघून घे."

मला त्यांचा राग आला. रात्री जेवण गोड लागलं नाही, झोपही धड लागली नाही. हौस नसेल, हे मी सात वर्षं स्वतःला सांगत आले होते आणि ते मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले होते. मोठ्यानं बोलल्यावर ते माझ्याच कानाला लबाड वाटलं. आवाजाच्या धंद्यात एवढं कळायला लागतं.

बुधवारी सकाळची सभा संपली, म्हणजे आमच्या भाषेत सकाळचं प्रसारण संपलं, तशी मी बारनिशीच्या टेबलाकडे गेले. आलेलं-गेलेलं टपाल नोंदवायचं ते टेबल. तिथं हणमंतमामा विटकर पाकिटांना डिंक लावत बसले होते. मामा केंद्राचे सायकलवरचे शिपाई. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून त्यांची ती हिरवी सायकल बघत आले होते.

"मामा, माझ्या चाचणीच्या सालचं जावक रजिस्टर कुठंय?"

"कशाला? वाळवी जेवली आसंल त्येच्यावर."

"बघायचंय."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, मग काही न विचारता कपाटाच्या खालच्या खणातून रजिस्टर काढलं. त्याच्याबरोबर एक लांबट वहीही काढली. ती हातबटवड्याची वही. जे पत्र टपालात न घालता शिपायानं नेऊन द्यायचं, त्याची नोंद त्या वहीत असते, आणि घेणाऱ्याची सही पुढच्या रकान्यात.

मी पान काढलं. चाचणीची बोलावणी तीस. बारांपुढे ‘हातबटवडा’ लिहिलेलं. अठरांपुढे ‘टपाल’. अठरांत एक नाव माझं होतं. त्याच्या पुढचं ‘टपाल’ खोडून मामांच्या गिचमिड अक्षरात ‘हस्ते’ लिहिलं होतं. हातबटवड्याच्या वहीत सर्वांत शेवटी माझं नाव आणि पुढे माझ्या बापाचा निळा अंगठा.

"बारा जण हातानं आणि अठरा टपालानं. असं का?"

"नियम हाय. जकात नाक्याच्या आत आसंल तर सायकल. नाक्याभायेर आसंल तर टपाल. म्या येकटा किती पायडल मारनार?"

जकात नाक्याच्या आत म्हणजे जुन्या पेठा. आमची वडारवाडी नाक्याच्या पलीकडे, खाणीच्या अंगाला.

"टपालाची पोचली का?"

मामांनी डिंकाचा ब्रश खाली ठेवला. "बस," म्हणाले. मी बसले.

"परीक्षकांची तारीख ठरवती मुंबई. त्येची तार तवा आली सुक्करवारी सांजच्याला. चाचनी मंगळवारी धाला. शनवारी म्या नाक्याच्या आतली बारा दिऊन आलो. आता ह्या हापिसाचं टपाल पोस्टात जातंया मंगळवारी आन् सुक्करवारी. सुक्करवारचं तर गेलं हुतं."

मी मनात वार मोजले. "म्हणजे अठरांची पत्रं मंगळवारी निघाली? चाचणीच्या दिवशी?"

"साडेअकराला. तू तवा आत बोलत हुतीस. तुजा आवाज येत हुता ह्या टेबलापत्तूर. म्या तिकिटं चिकटवत हुतो."

मी वहीतल्या सह्या मोजल्या. बारा जणांना बोलावणं पोचलं आणि बाराच्या बारा आले. तेरावी मी. पडदा खरा होता, परीक्षक खरे होते, आणि पडद्याच्या पलीकडे कोण उभं राहणार हे आधीच एका सायकलनं ठरवून टाकलं होतं.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"हेडक्लार्कला म्हनलो की. त्यो म्हनला, नियम तुज्या बापानं केला का? मुंबईची तार कधी चार दिस आदी येती, कधी पाच. येकदा टपाल आदल्या दिसी गेलं. त्येनं काय हुतंय? सा चाचन्या झाल्या पोरी, साहीच्या साही अशाच."

"मग माझंच पत्र का आणलंत?"

"वाटंवर हुतं. घरला जाताजाता दिलं." आणि मग जरा ताठ होऊन म्हणाले, "पाच वाजल्यावर सायकल माजी असती. सरकारची न्हवं."

"बाकीची सतरा?"

"येक हिवऱ्याचं हुतं, अठ्ठावीस मैल. येक तांड्यावरचं, येक नदीपल्याडचं." त्यांनी रजिस्टरकडे पाहिलंही नाही, एकेक नाव मला गावासकट सांगितलं. सात वर्षांपूर्वीची सतरा नावं त्यांना तोंडपाठ होती.

मला लाज वाटली. राग नंतर आला, आधी लाज वाटली. सात वर्षं मी मिरवत होते की मला कुणी हात दिला नाही. आणि हात देणारा माणूस सात वर्षं मला रोज गेटवर सलाम करत होता आणि एकदाही म्हणाला नव्हता की पोरी, मी तुझं पत्र आणलं.

"मामा, हे मी उद्या समितीला सांगणार."

"सांग."

"तुम्ही नोंद खोडलीत. हुकूम नसताना. चौकशी लागेल. दिवाळीला तुम्ही रिटायर होताय."

"आन् तुजी फाईल हाय न्हवं सायबाच्या टेबलावर?"

"आहे. माझी निवडच नियमाबाहेरची ठरेल."

"मंग दोगंबी गप बसू," मामा म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"गप बसायचं असतं तर मी रेडिओत कशाला आले असते?"

तेव्हा मामा हसले. वही आणि रजिस्टर दोन्ही त्यांनी एका फडक्यात बांधलं. "उद्या ह्ये म्या घिऊन येतो. तू उलटं धरशील."

गुरुवारी अकरा वाजता समिती बसली. अध्यक्ष एक वयस्कर, डुलक्या घेणारे आमदार होते, दुसरे एक सारखे घड्याळ बघणारे, आणि कोळेकरताई. टेंबेसाहेबांनी पडद्याची माहिती दिली. त्याचं कापड, त्याची जाडी, त्याला किती कड्या आहेत, सगळं सांगितलं. परीक्षकांना उमेदवाराची सावलीसुद्धा दिसत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्या पडद्यावर त्यांचा जीव होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी शालन धोत्रे," मी म्हणाले. "टेंबेसाहेब सांगतात ते अक्षर न् अक्षर खरं आहे. पडद्याला जात दिसत नाही."

साहेबांनी समाधानानं मान हलवली. कोळेकरताईंनी पेनाचं टोपण बंद केलं.

"पण पडद्यापर्यंत यायला बोलावणं लागतं," मी म्हणाले. "ते कसं जातं, ते हणमंतमामा दाखवतील."

मामा दारात उभेच होते. त्यांनी फडकं सोडलं आणि वही साहेबांच्या पुढ्यात ठेवली, समितीच्या नाही. मी वार आणि वेळा सांगितल्या. तार शुक्रवारी, सायकल शनिवारी, चाचणी मंगळवारी दहाला, टपाल मंगळवारी साडेअकराला. नाक्याच्या आतले बारा, बाहेरचे अठरा. सगळं मिळून चार वाक्यं झाली असतील. बातम्या वाचायची सवय असली की कमी शब्दांत सांगता येतं.

टेंबेसाहेब पानं उलटत राहिले. एक चाचणी, दुसरी, तिसरी. सहाही पाहिली.

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"माहीत करून घेणं तुमचं काम होतं," कोळेकरताई म्हणाल्या.

"होतं," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "सहा वेळा मी तो पडदा स्वतः ओढला. फट राहू नये म्हणून कड्या मोजायचो. बारनिशीच्या टेबलावरून काय जातं आणि कधी जातं, ते एकदाही विचारलं नाही."

अध्यक्ष आता चांगले जागे झाले होते. "ही नोंद कुणी खोडली?" त्यांनी बोट ठेवलं.

"म्या," मामा म्हणाले.

"कुणाच्या हुकमानं?"

"कुनाच्याच न्हाई सायेब. नियम मोडला. येकदाच मोडला." मामांनी टोपी काढून हातात घेतली. "आजून सतरा येळा मोडाया पायजे हुता. त्यो न्हाई मोडला."

घड्याळ बघणारे आमदारही घड्याळ बघायचे विसरले.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "पण बाई, मग तुमची निवडसुद्धा नियमात बसत नाही."

"नाही बसत."

"मग?"

"मग पुन्हा चाचणी घ्या. त्या सतरांना बोलवा आणि त्यांच्याबरोबर माझीही घ्या."

"धोत्रे!" टेंबेसाहेब म्हणाले. "तुम्ही सात वर्षं बोलताय इथं."

"तेरांतली पहिली म्हणून बोलतेय सर. तिसांत कितवी आले असते, ते कुठं कुणाला माहीत आहे?"

हे बोलताना माझा आवाज कापला नाही. आवाजाची मला खात्री होती. नापास झाले असते तर महिन्याचे ते ठरलेले दिवसही गेले असते आणि फाईलही, हे मला कळत होतं. तरी मला भीती वाटण्यापेक्षा बरंच वाटत होतं.

समिती उठली तेव्हा कोळेकरताई माझ्याजवळ थांबल्या. "मी इथं गुन्हेगार शोधायला आले होते," त्या म्हणाल्या. "तू माझ्या हातात सायकल दिलीस. आता विधानसभेत सायकलवर काय बोलू?"

"तेच बोला ताई. वारासकट बोला."

त्या बोलल्या. चाचणीची तारीख पुढच्या महिन्याची वीस ठरली आणि या वेळी महिनाभर आधी ठरली. दुसऱ्या दिवशी टेंबेसाहेबांनी मला बोलावून सांगितलं की सतराही पत्रं आजच टपालात पडतील.

"सर, सात वर्षांपूर्वीचे पत्ते आहेत ते. कुणाचं लग्न झालं असेल, कुणी ऊसतोडीला गेलं असेल. पुन्हा पत्रंच पाठवायची?"

"मग काय करायचं?"

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर आमचा मनोरा उभा होता, चार जिल्ह्यांना ऐकू जाणारा.

साहेबांच्या लगेच लक्षात आलं आणि लगेच त्यांनी मान हलवली. "व्यक्तिगत निरोप प्रसारित करता येत नाहीत. नियम आहे."

"दुपारच्या फर्माईशीत मी चाळीस-चाळीस नावं वाचते. गावासकट, घरातल्या मुलाबाळांसकट. गाणं ऐकायचंय म्हणून नाव वाचता येतं आणि बोलायचंय म्हणून येत नाही?"

त्यांनी मनोऱ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "लिहून आणा," एवढंच म्हणाले.

मी लिहून नेलं. कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. साडेबारा वाजले, फर्माईशीची वेळ झाली, तरी कागद सही होऊन आला नाही. माझ्याजवळ कार्बनची प्रत होती. पहिलं गाणं संपलं, लाल दिवा लागला आणि मी वाचायला सुरुवात केली.

"हिवरे गावच्या गोदावरी खरात, पाचेगाव तांड्याचे मोतीराम राठोड, वडजीचे रमजान मुलाणी, तांबवाडीचे सदाशिव लोखंडे..."

काचेपलीकडे इंजिनिअरनं दचकून वर पाहिलं. त्याचा हात माझा आवाज तोडायच्या बटणावर होता. तेवढ्यात त्याच्या मागचं दार उघडलं आणि टेंबेसाहेब आत आले. इंजिनिअरनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मी वाचत राहिले. सतरा नावं संपवली, वीस तारीख सांगितली, वेळ सांगितली आणि पुढचं गाणं लावलं.

लाल दिवा विझला तसे साहेब स्टुडिओत आले. हातात माझा मूळ कागद होता.

"धोत्रे, तुम्ही घाबरलात."

"नाही सर."

"घाबरलात. गावांची नावं घाईत गेली. रमजान मुलाण्यांचं गाव तर ऐकूच आलं नाही." त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. खाली त्यांची सही होती, आणि एक ओळ त्यांच्या हातची वाढवलेली. "पुन्हा वाचा. रोज वाचा, वीस तारखेपर्यंत. सावकाश."

गाणं संपलं. मी सावकाश वाचलं. शेवटी साहेबांनी वाढवलेली ओळ वाचली, "आणि ज्यांना ज्यांना आपला आवाज ऐकवावासा वाटतो, त्या सर्वांनी यावं. पत्राची वाट पाहू नये."

वीस तारखेला सकाळी गेटवर गर्दी झाली. सतरांतले नऊ आले होते. बाकी बावन्न जण नुसते ऐकून आलेले. त्यांत सदऱ्याला बटण नसलेले होते, कडेवर मूल घेतलेल्या होत्या, आणि पेठेतलीही मंडळी होती. मामा गेटवर वही घेऊन बसले होते. एक सावळी, उंच बाई त्यांच्यापुढे उभी राहिली आणि तिनं पिशवीतून एक जुनं पिवळं पाकीट काढलं.

"ह्ये मला तवा आलं हुतं, चाचनी झाल्यावर आठ दिसांनी," ती म्हणाली. "तारीख गेलीया ह्येची. चालंल का?"

"तू गोदावरी खरात?" मामांनी विचारलं.

"तुमास्नी कसं म्हाईत?"

मामांनी वहीत तिचं नाव लिहिलं आणि बोटानं सहीची जागा दाखवली. तिनं सही केली. मग रांगेतून पुढं होऊन मी माझा नंबर घेतला. बेचाळीस. टेंबेसाहेबांनी काचेवर पडदा ओढला, आणि मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी कड्या मोजल्या नाहीत.

निकाल आठवड्यानं लागला. मामा संध्याकाळी पाचनंतर आमच्या दारात सायकलवरून उतरले. हातात पाकीट होतं.

"कितवी?" आईनं आतून विचारलं.

मी पाकीट फोडलं. "तिसरी."

"तिसरी?" आईचा चेहरा पडला. "मागं तर पहिली आली होतीस."

"पहिली गोदावरी खरात, दुसरा मोतीराम राठोड," मी वाचून दाखवलं, आणि मला एवढं हसू यायला लागलं की आईला वाटलं, पोरगी धक्क्यानं बिघडली. मला आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता. बासष्टांत तिसरी. ही मात्र खरी माझी कमाई होती, आणि पुढं वीस वर्षं बोलले ती याच तिसऱ्या नंबराच्या जोरावर. मला कायम करायला मुंबईनं पुढं दोन वर्षं लावली, मामांच्या चौकशीचा कागद मात्र समितीनंच दाबला.

"मामा, चहा घ्या," मी म्हणाले.

"नगं. यष्टी चुकंल."

"आता कुठं चाललात?"

"हिवऱ्याला. त्या बाईचं पत्र हाय."

"ते टपालानं जाईल की."

"टपाल सुक्करवारी जाईल," मामा म्हणाले आणि त्यांनी सायकल वळवली.

एसटीच्या टपावर सायकल बांधून ते अठ्ठावीस मैल गेले, फाट्यावर उतरले आणि तिथून पुढं सायकलवर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बारनिशीच्या टेबलावर वही उघडून मला दाखवली. हिवऱ्याची सही मोठ्या अक्षरात होती, रकान्याच्या बाहेर गेलेली. मामांनी पुढं तारीख आणि वेळ घातली, वही मिटली आणि पाकिटांना डिंक लावायला घेतला.